सार्दीसचे नाव, जक्कयचे घर



उपासनेचे वर्ष संपत आले आहे. पुढच्या रविवारी आपण ख्रिस्तराजाचा सण साजरा करू आणि त्यानंतर आगमनकाळ सुरू होईल. वर्षाच्या या अखेरच्या दिवसांत ख्रिस्तसभेने रोजच्या मिस्सासाठी प्रकटीकरणाचे पुस्तक आपल्या हाती दिले आहे. येत्या मंगळवारची वाचने आम्ही गेले काही दिवस मनात घोळवत आहोत. पहाटेची पाळी, मुलांची शाळा, घरचे काम यांमुळे आपल्यापैकी थोड्यांनाच रोजच्या मिस्साला येता येते. म्हणून त्या वाचनांवरचे चिंतन आज या पानावर आपल्यापुढे ठेवत आहोत.

त्या दिवशीचे पहिले वाचन सार्दीस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राचे आहे (प्रकटीकरण ३:१-६), आणि शुभवर्तमान जक्कयचे आहे (लूक १९:१-१०). वरवर पाहता या दोन वाचनांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. पण ती शेजारी शेजारी ठेवून वाचली, की त्यांत एकच प्रश्न ऐकू येतो : लोकांनी आपल्याला दिलेले नाव एक, आणि देवाजवळ असलेले आपले नाव दुसरे. आपण यांपैकी कोणत्या नावासाठी जगतो?

सार्दीसच्या मंडळीला प्रभू सांगतो, की तुम्ही जिवंत आहात असा तुमचा लौकिक आहे, पण प्रत्यक्षात तुम्ही मेलेले आहात. बंधुभगिनींनो, हे शब्द देवाला न ओळखणाऱ्या लोकांना उद्देशून नाहीत. ते बाप्तिस्मा घेतलेल्या, दर प्रभुवारी एकत्र जमणाऱ्या मंडळीला उद्देशून आहेत. इतर काही मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत छळाचा उल्लेख आहे, खोट्या शिकवणीचा उल्लेख आहे. सार्दीसच्या पत्रात यांपैकी काहीच नाही. तेथे सर्व काही सुरळीत चालले होते. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याने त्या मंडळीची स्तुतीच केली असती. आणि नेमक्या त्याच मंडळीला प्रभू म्हणतो, जागे व्हा.

‘जागे व्हा’ हा शब्द सार्दीसच्या लोकांना चांगलाच झोंबला असेल. हे शहर आजच्या तुर्कस्तानात होते. त्याचा किल्ला उंच कड्यावर होता आणि तो कोणालाही जिंकता येणार नाही अशी त्याची ख्याती होती. इ. स. पू. ५४६ च्या सुमारास इराणच्या कुरुश राजाने त्याला वेढा घातला. हेरोडोटस या इतिहासकाराने लिहिले आहे, की किल्ल्यावरच्या एका शिपायाचे शिरस्त्राण खाली पडले. तो कड्यावरून उतरला, शिरस्त्राण घेऊन पुन्हा वर चढला. शत्रूच्या एका माणसाने ते पाहिले आणि त्याच वाटेने शत्रू वर गेला. त्या बाजूला पहारा नव्हता, कारण तेथून कोणी येईल असे कोणाला वाटलेच नव्हते. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी तो किल्ला पुन्हा एकदा अशाच बेसावधपणामुळे पडला. किल्ल्याचे नाव मोठे होते, पण आत पहारा नव्हता.

हे समजायला आपल्याला तुर्कस्तानात जाण्याची गरज नाही. आपल्या शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळेच तो डोंगर चढलो आहोत. आज दिसते ती सगळी तटबंदी एकाच काळातली नाही, पण डोंगर तोच आहे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा रामदेवराव यादवाने घाईघाईने किल्ल्याचा आश्रय घेतला. फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे, की त्या धावपळीत व्यापाऱ्यांची पोती धान्याची समजून किल्ल्यात नेण्यात आली. वेढा सुरू असताना ती उघडली, तेव्हा त्यांत धान्य नव्हते, मीठ होते. किल्ला कड्यामुळे पडला नाही, भिंतीमुळे पडला नाही. पोती आत होती, मोजलेली होती, रचलेली होती. फक्त ती वेळेवर कोणी उघडून पाहिली नव्हती.

आपल्या आध्यात्मिक जीवनातही अशी पोती असतात. बाप्तिस्म्याचा दाखला, प्रथम ख्रिस्तप्रसादाचा फोटो, घरातली अल्तार, दर सप्टेंबरला हरेगावच्या मतमाउलीची यात्रा, पॅरिश कौन्सिलमधले पद, गायनमंडळातली जागा. ही पोती रचलेली पाहून आपण निश्चिंत असतो. घरात आजारपण येते, मुलगा हातचा जातो, नोकरी सुटते, भाऊ कोर्टात उभा राहतो, तेव्हा पोती उघडावी लागतात. आत काय आहे ते त्या दिवशी कळते.

येथे गैरसमज नको. बाह्य भक्ती वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपण कॅथलिक आहोत. पाणी, तेल, भाकर, मेणबत्ती, गुडघे टेकणे, यात्रेत चालणे यांतून देव आपल्याशी बोलतो अशी आपली श्रद्धा आहे. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. ज्वारीच्या दाण्याला बोंड लागतेच, त्याच्याशिवाय दाणा धरत नाही. पण खळ्यावर उफणताना वारा सगळे निवडून देतो. भरलेला दाणा जागच्या जागी पडतो आणि पोचट उडून जातो. शिवारात उभे असताना दोन्ही कणसे सारखीच दिसत होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच वर्षी ‘दिसणे’ आणि ‘असणे’ यांतला भेद शिकवला होता. परीक्षेत आम्ही त्यावर चार पाने लिहिली आणि चांगले गुण मिळवले. तो भेद स्वतःच्या आयुष्याला लावून पाहायला मात्र पुढे बरीच वर्षे लागली. त्याविषयी थोडे पुढे सांगू.

आपल्या महाराष्ट्रात हा भेद ज्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे स्वतःला लावून पाहिला, त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, पण त्यांच्या जीवनातून आपण सर्वांनी शिकावे असे पुष्कळ आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून घरातल्या स्त्रियांना संस्कृत शिकवले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुण मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशी नावे दिली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले, पुढे ते पुण्याला नेले. अमेरिकेपर्यंत त्यांची कीर्ती पोहोचली होती. ख्रिस्ती झाल्याबद्दल त्यांनी आपल्या लोकांची कठोर टीका सोसली. आता या बाईंच्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल कोणी शंका घेईल का?

शंका रमाबाईंनी स्वतःच घेतली. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. बंधुभगिनींनो, हे लिहिणे सोपे नव्हते. त्यांच्या धर्मांतरावर टीका करणाऱ्यांच्या हाती हे कोलीतच देण्यासारखे होते. मित्रांनाही ते आवडले नसते. पण लोक काय म्हणतील यापेक्षा देवासमोर खरे काय आहे, हे त्यांना मोठे वाटले.

त्यांचे डोळे उघडायला एक पुस्तक निमित्त झाले. ते इंग्लंडमधील विल्यम हॅस्लम नावाच्या एका अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मकथन होते. हॅस्लम मोठे मेहनती धर्मगुरू होते, त्यांनी चर्च बांधले, उपासना नीटनेटकी केली. तरी आत काहीतरी रिकामे आहे हे त्यांना जाणवू लागले. १८५१ मध्ये एका रविवारी ते प्रवचन करायलाच तयार नव्हते. तरी प्रवचनपीठावर उभे राहिले, ‘ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटते?’ या प्रभूच्या प्रश्नावर बोलू लागले आणि बोलता बोलता तो प्रश्न त्यांनाच लागला. समोरच्या लोकांपैकी एकाने ओरडून सांगितले, की आपल्या पाद्र्याचेच परिवर्तन झाले! इतरांना तारणाचा मार्ग सांगणारा माणूस आपल्याच प्रवचनाने जागा झाला. एका धर्मगुरूला हे वाचताना हसू येते आणि भीतीही वाटते.

कॅथलिक या नात्याने आपण एक गोष्ट येथे नीट समजून घेऊ. त्या आठ वर्षांत रमाबाईंचा बाप्तिस्मा वाया गेला होता असे नाही. बाप्तिस्म्यात देव आपले काम पूर्ण करतो, त्याचा शिक्का पुसला जात नाही. पण पेरलेले बी जमिनीत पडून राहू शकते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात (परिच्छेद १४) याबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे : जो ख्रिस्तसभेत केवळ देहाने राहतो, अंतःकरणाने राहत नाही आणि प्रीतीत टिकत नाही, त्याचे तारण होत नाही. म्हणजे रजिस्टरमध्ये नाव असणे पुरेसे नाही.

आता दुसरे वाचन पाहू. यरीहोचा जक्कय हा मुख्य जकातदार होता. त्याचे नाव गावात पार बदनाम झालेले होते. तो उंबराच्या झाडावर चढला, तेव्हा लोक हसले असतील. श्रीमंत, वयाने मोठा माणूस झाडावर चढतो, हे प्रतिष्ठेला शोभत नाही. पण जक्कयला प्रतिष्ठा उरलीच नव्हती, म्हणून गमावण्याची भीतीही नव्हती. त्याला येशूला पाहायचे होते. प्रभूने वर पाहिले आणि त्याला नावाने हाक मारली. सगळे गाव ज्याला ‘पापी’ म्हणत होते, त्याला प्रभूने ‘जक्कय’ म्हटले आणि त्याच्या घरी उतरला. त्या घरात काय घडले? जक्कयने मोठी प्रार्थना म्हटल्याचे शुभवर्तमानात नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत, असा हिशेब त्याने उभ्या उभ्या केला. आतले जीवन खिशातून बाहेर आले. आतून जिवंत झालेल्या माणसाची खूण ही अशीच असते.

एका बाजूला चांगले नाव असलेले आणि मेलेले सार्दीस, दुसऱ्या बाजूला वाईट नाव असलेला आणि जिवंत झालेला जक्कय. मंगळवारी ही दोन्ही वाचने आपल्यापुढे एकाच वेळी येतील.

मघाशी जे पुढे सांगू म्हणालो होतो, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. नाताळचे दिवस होते. गव्हाणी, नाटक, गायनाच्या तालमी, महागुरुस्वामींची भेट अशी सगळी धांदल होती. रोज पहाटेच्या मिस्साला मागच्या बाकावर बसणाऱ्या एक आजी काही दिवस दिसल्या नव्हत्या. त्यांच्या शेजारणीने येऊन निरोप दिला, की आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, फादरांनी एकदा येऊन जवळ बसावे म्हणतात. आम्ही म्हणालो, नाताळ होऊ द्या, निवांत येतो. दोन दिवसांनी पुन्हा निरोप आला. आम्ही पुन्हा तेच म्हणालो. घर चर्चपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होते. नाताळच्या दोन दिवस आधी आजी गेल्या. पवित्र तेल लागले नाही, ख्रिस्तप्रसाद मिळाला नाही.

अंत्यविधीला आम्ही प्रवचन केले. विषय होता, चांगला मेंढपाळ. प्रवचन चांगले झाले असावे, कारण पुष्कळांचे डोळे भरून आले. बाहेर पडताना लोकांनी हात जोडून सांगितले, फादर, काय सुंदर बोललात. फक्त ती शेजारीण काही बोलली नाही. ती दाराशी थांबली होती. आमच्याकडे पाहून ती एवढेच म्हणाली, “आजी रोज संध्याकाळी विचारायच्या, फादर आले का?”

त्या दिवशी त्या गावात आमचे नाव थोडे आणखी वाढले. आणि त्याच दिवशी सार्दीसला लिहिलेले पत्र आमच्या पत्त्यावर आले. आम्ही पापनिवेदन केले, देवाने क्षमा केली यावर आमचा विश्वास आहे. पण त्या दहा मिनिटांच्या रस्त्याची आठवण आम्ही पुसू देत नाही. आजारी माणसाचा निरोप आला, की ती आठवण आम्हाला उठवते. आज हे आपल्याला सांगतो, ते आपली सहानुभूती मिळावी म्हणून नव्हे. या पानावर लिहिणारा माणूस आपल्यापेक्षा वेगळ्या बाकावर बसलेला नाही, हे आपल्याला कळावे म्हणून सांगतो.

आपल्या धर्मप्रांताचे मुख्य मंदिर ज्या संताच्या नावाने आहे, त्या संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी या आजाराचे निदान चारशे वर्षांपूर्वी करून ठेवले आहे. संसारात राहणाऱ्या सामान्य भाविकांसाठी त्यांनी १६०९ मध्ये भक्तिमय जीवनाविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ते एका प्राचीन चित्रकाराचे उदाहरण देतात. तो जिच्यावर प्रेम करी, तिचाच चेहरा प्रत्येक चित्रात रंगवी. तसेच प्रत्येक जण आपल्या आवडीप्रमाणे भक्तीचे चित्र काढतो, असे संत म्हणतात. ज्याला उपास जमतो तो उपासालाच भक्ती समजतो, मग मनात वैर का असेना. तो द्राक्षारसाने जीभ ओली करणार नाही, पण चहाडी करून शेजाऱ्याचे रक्त पिताना त्याला काही वाटणार नाही. दुसरा भरपूर प्रार्थना म्हणतो आणि घरात नोकरचाकरांना टोचून बोलतो. तिसरा दानधर्म करतो, पण शत्रूला क्षमा करत नाही. चौथा क्षमा करतो, पण घेतलेले कर्ज बुडवतो. नंतर ते दाविदाची बायको मीखल हिची गोष्ट सांगतात. तिने पलंगावर पुतळा निजवून त्याच्यावर पांघरूण घातले, आणि शौलाच्या माणसांना वाटले दावीदच झोपला आहे. भक्तीचे पांघरूण घेतलेले असे पुतळे पुष्कळ असतात, असे संत फ्रान्सिस आपल्याला बजावतात.

हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे कोण आले? शेजारच्या बाकावरचे कोणी आले असेल, तर थोडे थांबा. या विषयाचा हाच मोठा धोका आहे. दुसऱ्याचे ढोंग शोधणे हेही ढोंगाचेच एक रूप आहे. आपल्या धर्मग्रामात कोण आतून जिवंत आहे आणि कोण नाही, हे कोणालाही माहीत नाही. आम्हालाही नाही. ते ज्याला माहीत आहे, त्याने न्याय स्वतःकडे ठेवला आहे. आपल्या हाती फक्त आपली स्वतःची पोती आहेत.

सार्दीसच्या पत्राचा शेवट निराशेचा नाही. जे काही मरायला टेकले आहे पण अजून जिवंत आहे, त्याला बळ द्या, असे प्रभू सांगतो. म्हणजे थोडी धुगधुगी अजून आहे. ज्यांनी आपली वस्त्रे मलिन होऊ दिली नाहीत असे काही थोडे लोक सार्दीसमध्येही होते. त्यांची नावे गावाला ठाऊक नसतील, पण जीवनाच्या पुस्तकात ती लिहिलेली आहेत, आणि प्रभू ती आपल्या पित्यासमोर उच्चारणार आहे. आमची खात्री आहे, की मागच्या बाकावरच्या त्या आजींचे नावही त्यांत आहे.

या आठवड्यासाठी तीन लहान गोष्टी सुचवतो.

पहिली : रोज पंधरा मिनिटे एकट्याने प्रार्थना करावी. दार लावावे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि ही गोष्ट कोणाला सांगू नये. घरात वेगळी खोली नसेल, तर सगळे झोपल्यावर अंथरुणात बसून करावी. सुरुवातीला काही सुचणार नाही. “प्रभो, मी रिकामा आहे” एवढे म्हटले तरी ती खरी प्रार्थना आहे.

दुसरी : एक चांगले काम असे करावे, की ते कोणालाच कळणार नाही. कोणाची फी, कोणाचे औषध, कोणाच्या घरी एक वेळचा डबा. फोटो नको, पावती नको, या पत्रिकेत नावही नको. ते मनात लपवून ठेवणे किती कठीण जाते हे पाहावे. आपण कोणत्या नावासाठी जगतो, याचे उत्तर त्यातून आपोआप मिळेल.

तिसरी : मंगळवारचे स्तोत्र पंधरावे आहे. देवाच्या पवित्र डोंगरावर कोण राहील, असा त्यात प्रश्न आहे. उत्तरात यज्ञ आणि अर्पणे यांचा उल्लेख नाही. मनापासून खरे बोलणारा, जिभेने चहाडी न करणारा, शेजाऱ्याचे वाईट न करणारा, असे उत्तर आहे. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याला या आठवड्यात एक फोन करावा. पुढे काय होईल ते देवावर सोडावे. शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनासाठी आम्ही चर्चमध्ये बसलेले असू. कितीही वर्षे झाली असली तरी यावे. संकोच वाटला, तर जक्कयला आठवावे. तोही झाडावर चढला होता.

आणि आपल्या ओळखीत कोणी आजारी असेल, कोणी आमची वाट पाहत असेल, तर कृपया निरोप द्या. कार्यक्रम कितीही असोत. आणि निरोप देऊनही आम्ही आलो नाही, तर पुन्हा येऊन आम्हाला उठवा. हा आपला हक्क आहे.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू आमची कामे जाणतोस आणि आमचे अंतःकरणही जाणतोस. लोकांनी दिलेल्या नावावर आम्ही समाधान मानले असेल, तर आम्हाला क्षमा कर. आमच्यात जे मरायला टेकले आहे, त्याला तुझ्या पवित्र आत्म्याने जिवंत कर. जक्कयप्रमाणे आम्हालाही नावाने हाक मार आणि आज आमच्या घरी मुक्कामाला ये. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू